भाषेचं नाव कोणी ठेवायचं?

नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने उत्तर मॅसेडोनियाची युरोपीय संघाकडे जाणारी वाट अडवली. भांडण जमिनीचं नव्हतं, पाण्याचं नव्हतं, कर्जाचंही नव्हतं. ते इतिहासाचं होतं आणि भाषेचं होतं. बल्गेरियाचं म्हणणं असं, की ज्याला तुम्ही मॅसेडोनियन म्हणता ती मुळात आमच्या बल्गेरियनचीच बोली आहे, तुम्ही तिला लेखी रूप दिलंत एवढंच. समोरून उत्तर आलं, की आमच्या भाषेला काय म्हणायचं हे शेजाऱ्याने सांगायचं कारण नाही. वीस लाखही वस्ती नसलेल्या देशाचं भवितव्य एका भाषेच्या नावापाशी येऊन अडलं.

ही बातमी मी सारंगखेड्यात वाचली आणि वाद ओळखीचा वाटला. ‘ही स्वतंत्र भाषा की दुसरीची बोली’ हा प्रश्न आमच्या तापीकाठाने शंभर वर्षांहून जास्त काळ ऐकला आहे. आमच्याकडे तो अहिराणीबद्दल विचारला जातो.

तापीकाठची बोलणी

सारंगखेडा लोकांना ठाऊक आहे ते दत्तजयंतीच्या यात्रेमुळे. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोड्यांचा बाजार, दोन्हींसाठी माणसं लांबून येतात. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे उतरतात, त्यांच्यामागे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातले व्यापारी येतात, आणि यात्रेपुरती गावात हिंदी चालते. यात्रा उठली की गाव आपल्या बोलण्यावर येतं. ते बोलणं एक नाही. गुजर पाटलांच्या घरात गुजरी, बाजारात अहिराणी, शेतमजुरांच्या वस्तीत भिली, सातपुड्यातून उतरलेल्यांच्या तोंडी पावरी, आणि नवापूरकडे गेलं की मावची. शाळेत, तलाठ्याकडे, बँकेत मराठी. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे ती आळी बदलली की बदलते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. जिल्ह्यातले जवळजवळ ७० टक्के लोक आदिवासी आहेत. पश्चिमेला गुजरात लागतो, उत्तरेला नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश. माझं माहेर तापीच्या दक्षिणेला, शिंदखेडा तालुक्यात. आईची भाषा अहिराणी. लग्न होऊन नदी ओलांडली आणि नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये झाली. शिक्षकांना जनगणनेचं काम असतंच. २०११ च्या फेब्रुवारीत मीही प्रगणक म्हणून घरोघर फिरले.

कुटुंब अनुसूचीतला दहावा प्रश्न मातृभाषेचा होता आणि अकरावा येत असलेल्या इतर भाषांचा. इतर भाषा जास्तीत जास्त दोन लिहायच्या. मातृभाषा म्हणजे काय, हेही प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलं होतं: लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. वय विचारलं की लोक दुष्काळ, पूर, लग्नकार्यं आठवून हिशोब मांडत. मातृभाषेला मात्र उत्तर तयार असे. एका ओट्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी झालेलं बोलणं मी विसरलेले नाही.

“मराठी लिखी ले ना माय. बठ्ठा गाव तेच सांगस.”

“पण आप्पा, आपण आते जे बोली राह्यनूत, ते काय शे?”

“ती अहिरानी. ती घरनी शे. सरकारना कागदवर मराठीच ऱ्हास.”

माणूस सांगेल तेच प्रगणकाने लिहायचं असतं आणि ते योग्यच आहे. मी मराठी लिहिलं. अहिराणी घरातली आणि मराठी कागदावरची, ही वाटणी आप्पांच्या मनात इतकी पक्की होती की त्यात काही गमावतंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

या वाटणीचा परिणाम आकड्यांत दिसतो. जनगणनेत ‘खानदेशी’ नावाचं भाषेचं वेगळं शीर्षक आहे आणि अहिराणी सांगणारे त्याखाली मोजले जातात. १९७१ मध्ये या शीर्षकाखाली दीड लाखाच्या आत लोक होते. १९८१ मध्ये जवळजवळ १२ लाख झाले. १९९१ मध्ये १० लाखांच्या खाली आले. २००१ मध्ये २० लाखांवर गेले आणि २०११ मध्ये पुन्हा उतरून साडेअठरा लाखांच्या घरात आले. चाळीस वर्षांत खानदेशातली माणसं अशी वरखाली झालेली नाहीत. दहा वर्षांत घरातलं बोलणं आठपट होत नाही आणि पुढच्या दहा वर्षांत आटतही नाही. बदललं ते लोकांचं उत्तर, आणि काही अंशी ते उत्तर कोणत्या खणात टाकायचं याचा दिल्लीतला निर्णय. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषेची १९ हजारांहून जास्त नावं आली. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांचं गाठोडं बांधून १२१ भाषा. त्या छाननीत पाच कोटींची भोजपुरी हिंदीच्या पोटात गेली आणि अठरा लाखांची खानदेशी मराठीबाहेर वेगळी उभी राहिली. म्हणजे ज्या अहिराणीला शाळेत आणि कचेरीत मराठीची बोली म्हटलं जातं, तिला जनगणना मराठीत मोजत नाही.

एका मुलाचं वाक्य

दुसरीच्या वर्गात मी मुलांना घराबद्दल एकेक वाक्य लिहायला सांगायची. एका मुलाने पाटीवर लिहिलं होतं: ‘मना घरमा गाय शे.’ अशा वाक्याखाली लाल रेघ ओढायची आमच्याकडे पद्धत आहे. रेघ ओढण्याआधी ते वाक्य जरा जवळून पाहावं, असं मी तरुण शिक्षकांना नेहमी सांगते.

प्रमाण मराठीत ते ‘माझ्या घरात गाय आहे’ असं होईल. गुजरातीत ‘मारा घरमां गाय छे’. मुलाचं ‘घरमा’ आणि ‘शे’ गुजरातीला खेटून बसतं. षष्ठीही तशीच: आपलं ‘घराचा, घराची, घराचं’ अहिराणीत ‘घरना, घरनी, घरनं’ होतं, गुजरातीत ‘घरनो, घरनी, घरनुं’. एवढंच पाहिलं तर कोणीही म्हणेल, ही गुजरातीची बहीण.

आता त्याच मुलाला मधल्या सुट्टीत ऐका. तो म्हणेल, ‘मले भूक लागनी.’ गुजराती मूल ‘मने भूख लागी’ म्हणेल. इथे ‘मले’ वऱ्हाडीच्या ‘मले’शी जुळतं, आणि वऱ्हाडीला कोणी मराठीबाहेर काढत नाही. स्वतःसाठी तो ‘मी’ म्हणतो, गुजरातीतलं ‘हुं’ नाही. आणि ‘लागनी’ मराठीच्या ‘लागली’सारखं नाही, गुजरातीच्या ‘लागी’सारखंही नाही. ते तिचं स्वतःचं. ‘डोळा’ मराठीत आहे, गुजरातीतही ‘डोळो’ आहे. अहिराणी मात्र ‘डोया’ म्हणते.

यातलं काहीही चुकून झालेलं नाही. तो मुलगा प्रत्येक नामाला तीच षष्ठी लावतो, प्रत्येक भूतकाळाला तोच प्रत्यय. ज्याला आपण अशुद्ध म्हणतो ते काटेकोर नियमांनी चालतं, आणि ते नियम सहा-सात वर्षांच्या मुलाला तोंडपाठ असतात.

ग्रियर्सनचे दोन खंड

हे नियम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’मध्ये. त्यातला मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. खानदेशी त्यात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, १९०७ च्या, भिली भाषांच्या आणि बंजारांच्या लमाणीच्या सोबत. दोन्ही खंडांचं काम स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने केलं होतं. तोवर खानदेशी मराठीचीच बोली समजली जाई. कोनोने ती तिथून उचलली. पाया गुजराती-राजस्थानीकडचा आणि त्यावर मराठीचा दाट थर, अशी त्याची मांडणी.

मराठीच्या अनेक अभ्यासकांना हे पटलं नाही. खानदेशावर शतकानुशतकं मराठीची छाया आहे, इथले लोक कीर्तन मराठीत ऐकतात, पत्र मराठीत लिहितात, मग भाषा वेगळी कशी, असा त्यांचा प्रश्न. तिसरा आवाज खुद्द अहिराणी बोलणाऱ्यांतून आला: आम्ही मराठीची बोली नाही, गुजरातीचीही नाही, आम्ही अहिराणी. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे अहिराणीतलं नियतकालिक चालवलं. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला, त्यात अहिराणीला स्वतःची जागा मिळाली.

या वादात एक जुना पुरावा नेहमी पुढे केला जातो. अहिराणी म्हणजे अहिरांची भाषा, अहिर म्हणजे आभीर, आणि आभीरांचं राज्य खरंच होतं. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शात आभीरांच्या बोलण्याला अपभ्रंश म्हटलं आहे. हे सगळं अभ्यासण्याजोगं आहे आणि मला त्याचा अभिमानही वाटतो. पण ईश्वरसेनाच्या प्रजेच्या बोलण्यापासून आजच्या ‘मले भूक लागनी’पर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. मधल्या सतराशेहून जास्त वर्षांत या खोऱ्यातून राजवटी गेल्या, गुजर आले, भिल्ल आधीपासून होते, बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं राज्य केलं, १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला. आजची अहिराणी या सगळ्यांच्या शेजारातून घडली आहे. तिला मान मिळवून द्यायला राजाची गरज नाही.

बाल्कनमधली तीच गोष्ट

मॅसेडोनियाची कथा इथे उपयोगी पडते, कारण तिथे हे सगळं मोठ्या अक्षरांत घडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅसेडोनिया हा तुर्की साम्राज्याचा प्रांत होता. तिथले स्लाव शेतकरी आपापल्या खोऱ्यातल्या बोली बोलत. त्या बोली पूर्वेला बल्गेरियनमध्ये आणि उत्तरेला सर्बियनमध्ये अशा मिसळत जात की रेघ कुठे ओढावी हे सांगता येत नसे. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी प्रांताचे तुकडे केले आणि ते ग्रीस, सर्बिया व बल्गेरियाकडे गेले. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या लोकांना नवी ओळख दिली. सर्बियाने त्यांना दक्षिणेकडचे सर्ब म्हटलं, बल्गेरियाने बल्गेरियन म्हटलं, आणि ग्रीसने त्यांची भाषा चारचौघांत बोलायलाही अडवलं.

क्र्स्ते मिसिर्कोव्ह नावाच्या अभ्यासकाने त्याआधीच, १९०३ मध्ये, बल्गेरियाच्या राजधानीत सोफियात एक पुस्तक छापलं होतं. आमची स्वतंत्र लेखी भाषा असावी, ती प्रिलेप-बितोला भागातल्या मधल्या बोलींवर उभी करावी, असं त्याने त्यात मांडलं, आणि पुस्तकही त्याच बोलीत लिहिलं. प्रती जप्त झाल्या. विचार मात्र टिकला. २ ऑगस्ट १९४४ रोजी युगोस्लाव्हियातल्या मॅसेडोनियन प्रजासत्ताकाच्या पहिल्या सभेने मॅसेडोनियन ही राजभाषा ठरवली. मे १९४५ मध्ये ३१ अक्षरांची वर्णमाला मंजूर झाली, पाठोपाठ शुद्धलेखनाचे नियम आले. ब्लाजे कोनेस्की या कवी-भाषातज्ज्ञाने व्याकरण लिहिलं.

बल्गेरियाचा आक्षेप इथेच आहे: ही भाषा युगोस्लाव्हियातल्या टिटोच्या राजवटीने कागदावर बनवली. भाषाशास्त्र त्यातलं काही खरं मानतं. मॅसेडोनियन आणि बल्गेरियन एकमेकींच्या फार जवळ आहेत. बहुतेक स्लाव भाषांत नामाला विभक्ती लागतात. या दोघींनी त्या जवळजवळ टाकून दिल्या, आणि नामाच्या शेवटी निश्चयदर्शक प्रत्यय लावतात. पण मॅसेडोनियनला असे तीन प्रत्यय आहेत: एक जवळच्या वस्तूसाठी, एक दूरच्यासाठी, एक साधा. प्रमाण बल्गेरियनमध्ये एकच आहे. आणि ‘कागदावर बनवली’ हे तर प्रत्येक प्रमाण भाषेबद्दल म्हणता येईल. शाळेत शिकवलं जाणारं मराठीही कोणी तरी बसून ठरवलेलं आहे. पुण्याकडच्या बोलण्याला त्यात जास्त जागा मिळाली, तापीकाठच्या बोलण्याला मिळाली नाही.

जनगणनेची उडी बल्गेरियातही दिसते. वाटणीत मॅसेडोनियाचा पिरिन भाग बल्गेरियाकडे राहिला होता. १९५६ च्या बल्गेरियन जनगणनेत जवळजवळ १ लाख ८८ हजार लोकांनी स्वतःला मॅसेडोनियन म्हणवलं. १९६५ मध्ये सरकारचं धोरण फिरलेलं होतं आणि हाच आकडा दहा हजारांच्या आत आला. माणसं तिथेच होती. रकान्यात काय लिहिलं तर चालेल, हे त्यांना कळलं होतं. आमच्या आप्पांवर कोणी जबरदस्ती केलेली नव्हती, हा फरक मोठा आहे. पण कागदावर काय शोभतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

मॅसेडोनियाचं ग्रीसशी भांडण देशाच्या नावावरून झालं. ते १७ जून २०१८ च्या प्रेस्पा कराराने मिटलं. देशाचं नाव उत्तर मॅसेडोनिया झालं. भाषेचं नाव ‘मॅसेडोनियन’च राहिलं, मात्र ती दक्षिण स्लाव गटातली आहे आणि प्राचीन ग्रीक संस्कृतीशी तिचा संबंध नाही, हे कलम घालून. हे नाव खुद्द अथेन्समध्ये १९७७ साली भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मान्य झालं होतं, याचाही करारात उल्लेख आहे. कलम घालायची वेळ आली, कारण आधीच्या सरकारने अलेक्झांडरचा वारसा सांगायला घेतला होता. २०११ मध्ये राजधानी स्कोप्येच्या चौकात घोड्यावरच्या योद्ध्याचा अवाढव्य पुतळा उभा राहिला. अलेक्झांडर ग्रीक जगातला, स्लाव लोक त्या भूमीत आले ते त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी. त्या पुतळ्याने भाषेची बाजू बळकट केली नाही, शेजाऱ्याच्या हाती आयता आक्षेप दिला. आभीरांचा दाखला देताना आपणही हे ध्यानात ठेवावं.

बल्गेरियाने २०२२ मध्ये अडवणूक सोडली, पण अटींवर, आणि त्या अटी अजून गळ्यात आहेत. एक योगायोग नोंदवते. उत्तर मॅसेडोनियाची २०२१ च्या जनगणनेतली सगळी लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांच्या आसपास. आपल्याकडे २०११ मध्ये खानदेशी सांगणारे साधारण १८ लाख ६० हजार. तिथे विद्यापीठं, न्यायालयं, संसद त्या भाषेत चालतात. आपल्याकडे पहिलीचं पुस्तक नाही.

बहिणाबाई कोणाच्या?

भाषांच्या भांडणात कवी आधी सापडतात. स्त्रुगा गावच्या मिलादिनोव्ह बंधूंनी १८६१ मध्ये झाग्रेबला लोकगीतांचा मोठा संग्रह छापला. गीतं बहुतेक मॅसेडोनियातली, आणि मुखपृष्ठावर ‘बल्गेरियन लोकगीतं’. दोन्ही देश आजही ते पुस्तक आपलं म्हणतात.

आपल्याकडे बहिणाबाई चौधरी आहेत. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८० चा. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. पुण्या-मुंबईचा वाचक सहज म्हणतो, बहिणाबाईंची अहिराणी किती गोड. जळगावकडचे जाणकार लगेच सांगतात, ती अहिराणी नाही, ती लेवा गणबोली. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पूर्व खानदेशातल्या लेवा पाटीदारांची ती बोली आहे, आणि आमच्याकडचं ‘शे’ आणि ‘घरमा’ तिच्यात शोधून सापडत नाही. खानदेश म्हटला की सगळं अहिराणी, असं बाहेरच्यांनी ठरवून टाकलं. जी तक्रार अहिराणी मराठीबद्दल करते, तीच लेवा बोलीची अहिराणीबद्दल आहे, आणि ती तितकीच खरी आहे.

हा न्याय आणखी खालपर्यंत न्यावा लागतो. गुजरीला अहिराणीत ढकलू नये. भिली, मावची, पावरी यांना ‘आदिवासी बोली’ म्हणून एका पोत्यात भरू नये. भिली बोलणारे २०११ मध्ये देशात एक कोटीच्या वर होते, म्हणजे खानदेशीच्या पाचपटीहून जास्त. अहिराणीसाठी स्वतंत्र नाव मागणाऱ्याने शेजारच्या वस्तीवरचं नाव आधी नीट उच्चारायला शिकलं पाहिजे.

नाव आणि नातं

भाषेच्या नावावर राज्यांच्या सीमा ठरल्या, म्हणून हा वाद पंडितांपुरता राहिला नाही. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली आणि डांग जिल्हा गुजरातेत गेला. त्याआधी कित्येक वर्षं डांगी मराठीची की गुजरातीची, यावर दोन्हीकडचे पुढारी भांडत होते. आमच्या नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावंही तेव्हा गुजरातेत गेली. तिथल्या माणसाचं घरातलं बोलणं एका दिवसात बदललं नाही, शाळेची पाटी बदलली. गोव्यात अ. का. प्रियोळकरांसारखे मोठे विद्वान कोकणीला मराठीची बोली म्हणत राहिले, सु. मं. कत्रे यांनी तिचा स्वतंत्र भाषा म्हणून अभ्यास मांडला, आणि शेवटी निर्णय बोलणाऱ्यांच्या आग्रहानेच झाला: १९७५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत जागा. मराठीचं त्यामुळे काही कमी झालं नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण मी मराठीवर पोट भरलं आहे आणि मराठीतच हे लिहिते आहे.

या सगळ्या भांडणांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतवले जातात. एक नात्याचा: ही भाषा कोणत्या भाषेच्या जवळ, कुठून आली. दुसरा नावाचा: तिला काय म्हणायचं. बारशाला आलेले पाहुणे बाळाचा चेहरा कोणावर गेला हे हक्काने सांगतात, पण नाव आत्या ठेवते, पाहुणे नाही. नातं भाषाशास्त्राने सांगावं, पुराव्याने सांगावं, आणि ते आपल्याला आवडलं नाही तरी ऐकावं. कोनोने अहिराणीला गुजरातीकडे ढकललं म्हणून चिडायचं कारण नाही, प्रतिवाद असेल तर व्याकरणाने करावा. पण ‘जवळची आहे’ यावरून ‘म्हणून नाव घेऊ नका’ हे निघत नाही. सोफियाने स्कोप्येला ते सांगू नये, पुण्याने सारंगखेड्याला सांगू नये आणि सारंगखेड्याच्या बाजारपेठेने भिल्ल वस्तीला सांगू नये.

नावाने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी वर्ग दाखवते. संविधानातलं कलम ३५०-अ १९५६ पासून सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. पण ज्या भाषेचं नाव कागदावर नाही, तिच्यासाठी पुस्तक कोण काढणार आणि शिक्षक कोण नेमणार? नाव नसेल तर ‘मना घरमा गाय शे’ ही चूक ठरते. नाव असेल तर तेच वाक्य शिक्षणाची पहिली पायरी होतं: आधी घरचं वाक्य, मग त्याच्याशेजारी ‘माझ्या घरात गाय आहे’. मी असं शिकवलेली मुलं मराठीत मागे पडली नाहीत. दोन भाषांतला फरक त्यांना दाखवलेला होता, म्हणून ती मराठी लवकर शिकली. आज ‘हाई झुमकावाली पोर’ महाराष्ट्रभर लग्नांत वाजतं आणि खानदेशाबाहेरचे लोकही त्यावर नाचतात. नाचायला चालते ती भाषा शिकायलाही चालली पाहिजे.

पुढच्या जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, आणि या वेळी माहिती स्वतः भरण्याचीही सोय असणार आहे. माझं सांगणं सरळ आहे. मातृभाषा विचारली की आई ज्या भाषेत बोलली ती सांगा: अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा बोली असेल तर लेवा बोली, भिली, मावची, पावरी, गुजरी असेल तर ती, संकोच न करता, पूर्ण नावाने. आणि येणाऱ्या इतर भाषांत मराठी अभिमानाने लिहा. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि एक खरं सांगण्यासाठी दुसरं लपवायची कोणावर वेळ येऊ नये.